खान्देशच्या उन्हाळ्यात फॅन्सी गोल्डफिश: पाणी, आजार आणि उपचार

गोल्डफिशची माहिती शोधायला बसलं की सुरुवात हीटर कुठला घ्यावा इथून होते. सांगणारे बहुतेक थंड मुलखातले असतात. भुसावळला आमच्या घरी मे महिन्यात पहाटे सहाला टँकमधलं पाणी ३१ अंश असतं आणि दुपारी चारला ३४. फॅन्सी गोल्डफिशला मानवतं ते साधारण १८ ते २४ अंश. त्यामुळे तिकडचे सल्ले जसेच्या तसे इकडे लावले की मासा हातचा जातो. हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या त्या लोकांसाठी आहे, ज्यांनी मासे नुकतेच आणलेत किंवा आणायचं ठरवलंय.

माझा पहिला ओरांडा, म्हणजे फॅन्सी गोल्डफिशचाच एक प्रकार, औषधाने गेला. तो पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करत होता. दुकानातून निळं औषध मिळालं, ते मी टाकलं. त्याला आजार काहीच नव्हता. पाणी तापलं होतं, साचलेल्या अमोनियाने कल्ले जळत होते. निळ्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मारले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा होता. तेव्हापासून नियम केला आहे: आधी पाणी आणि तापमान बघायचं, औषधाची बाटली सगळ्यात शेवटी.

मासा निवडताना

फॅन्सी म्हणजे गोल, अंड्यासारख्या अंगाचे, दुहेरी शेपटीचे मासे. डोक्यावर मांसल टोपी असलेला ओरांडा, पाठीला उंचवटा असलेला र्‍युकिन, डोळे बाहेर आलेला ब्लॅक मूर, पाठीवर पर नसलेला रांचू. साध्या करड्या माशातून चीनमध्ये आणि पुढे जपानमध्ये शेकडो वर्षं निवड करत करत हे प्रकार तयार झाले. अंग आखूड झालं, पण आतडी आणि हवेची पिशवी मात्र त्याच आखूड पोटात दाटीवाटीने बसली. यांना पचनाचा आणि तोल जाण्याचा त्रास का होतो, याचं मूळ तिथे आहे.

पहिल्यांदा ओरांडा, र्‍युकिन किंवा ब्लॅक मूर घ्या. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असलेला बबल आय दिसायला मोहक, पण त्या पिशव्या जराशा धक्क्याने फुटतात. तो पुढे कधीतरी. लांब अंगाचे कॉमेट फॅन्सींबरोबर ठेवू नका. ते चपळ असतात, खाणं यांच्या तोंडापर्यंत पोचू देत नाहीत. "टँक साफ ठेवतो" म्हणून दुकानात सकर मासा गळ्यात मारतात, तोही नको. तो मोठा होतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो.

दुकानात पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मासा सरळ पोहतोय का, पाठीवरचा पर ताठ आहे का, शेपटीत लाल रेषा नाहीत ना, अंग दगडावर घासत नाही ना. एका टँकमध्ये एक जरी मेलेला मासा दिसला, तर त्या टँकमधला कुठलाच घेऊ नका.

टँक

काचेचा गोल बोल नको, कितीही छोटा मासा असला तरी. पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरा. हिशेब सोपा आहे: एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट पाणी म्हणजे साधारण १५८ लिटर. तीन माशांना पुरे. पाण्याचंच वजन दीडशे किलोच्या वर जातं, तेव्हा लोखंडी स्टँड घ्या आणि काचेखाली थर्माकोलची शीट टाका. टँक पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. आपल्याकडे ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. खिडकीचं ऊन पडेल अशी जागाही नको.

तळाला काही नसलं तरी चालतं. बारीक खडी माशाच्या तोंडात अडकते. स्पंज फिल्टर आणि एअर पंप आणाच. प्रवाह मंद ठेवा, कारण हे मासे पोहायला कच्चे असतात.

पाणी तयार करणं

इथे थोडा जास्त वेळ घेते, कारण निम्मे आजार इथूनच सुरू होतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात, आणि टाकली त्या दिवशी पाण्याला वास येतो. हे पाणी उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून २४ तास ठेवा, किंवा ॲक्वेरियमच्या दुकानातलं क्लोरीन काढायचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात एक जादा ड्रम फक्त माशांसाठी भरून ठेवलेला बरा.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं. त्याला घाबरू नका, गोल्डफिशला जड आणि किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. फक्त ते जमिनीतून येताना त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून रात्रभर हवा देऊन मग वापरा. आरओच्या जारचं पाणी मात्र नको. त्यात क्षार उरत नाहीत आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप, सांभाळायला काही आधार राहत नाही.

आता अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो सतत पाण्यात येतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे जीवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सोसतं, पहिले दोन विषारी. ही जीवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टँक, फिल्टर, पाणी आधी सुरू करा, रोज चिमूटभर खाणं टाका (ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो) आणि मासा महिना-दीड महिन्याने आणा. ओळखीतल्या कुणाच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो. थेंबांची टेस्ट किट घ्याच. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली.

उन्हाळ्यात तोच अमोनिया जास्त का चावतो, तेही सांगते. पाण्यातल्या अमोनियाचा काही भागच विषारी रूपात असतो. पीएच ८ असताना २० अंशाला तो भाग सुमारे ४ टक्के असतो, ३० अंशाला ७ टक्क्यांच्या वर. शिवाय २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणजे विष वाढतं आणि श्वास कमी होतो, दोन्ही एकाच वेळी. जानेवारीत ज्या टँकमध्ये चार मासे सुखाने राहिले, तिथेच एप्रिलमध्ये ते एकामागे एक पडायला लागतात ते यामुळे.

दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, म्हणून पहाटेच भरून घ्या. जुन्या आणि नव्या पाण्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही; टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरीनने ती वस्ती मरते.

आणि आपल्या भागासाठी एक कळकळीची सूचना. घरात कपाशीची फवारणी होत असेल, तर ती बादली, तो मग, तो पाइप कितीही धुतला तरी टँकजवळ आणू नका. फवारून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. कीटकनाशकांतली कित्येक औषधं माशाला अगदी थोड्या प्रमाणात मारतात. डासांचा स्प्रे मारायचाच असेल तर पंप बंद करून टँक झाका, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो.

घरी आणल्यावर

उन्हाळ्यात मासे संध्याकाळनंतर, थर्माकोलच्या खोक्यात आणा. बंद पिशवी १५ मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून मासा हाताने किंवा जाळीने लगेच टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. लांबून आलेली पिशवी उघडी ठेवून त्यात थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. पिशवी उघडली की आतला पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो.

आधीचे मासे असतील तर नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात. ही पायरी सगळे टाळतात. दुकानातले बरेचसे मासे उघड्या तळ्यांत वाढलेले असतात आणि परजीवी घेऊन येतात.

खाणं

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच. बुडणारे दाणे घ्या आणि टाकण्याआधी पाच मिनिटं वाटीत भिजवा. वर तरंगणारं खाणं टिपताना मासा हवाही गिळतो. आठवड्यातून दोनदा उकडलेला, साल काढलेला मटार किंवा वाफवलेला पालक बारीक करून. पालक शेतातला असला तरी तीन पाण्यांनी धुवा. आठवड्यातून एक दिवस उपास. मे महिन्यात खाणं सकाळीच द्या, कारण खाल्ल्यावर माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि दुपारच्या पाण्यात तो नसतो.

उन्हाळा काढणं

आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो, आणि कोरड्या हवेत बाष्पीभवनाने चांगला गारवा मिळतो. टँकचं झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या वरच्या थरावर छोटा पंखा लावा. दोन ते चार अंश उतरतात. टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचेला ओलं गोणपाट लावलं की आणखी फरक पडतो. खोलीत कूलर असेल तर उत्तमच. गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकायची तर एका वेळी एकच, आणि तासाला एक-दोन अंशांहून जास्त उतरू द्यायचं नाही. उडालेलं पाणी भरून काढणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पाणी उडतं, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात, म्हणून आठवड्याचा बदल चुकवू नका.

वीज गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. आमच्याकडे तो नव्हता तेव्हाची एक रात्र आहे. साडेअकराला वीज गेली, अर्ध्या तासात दोन्ही र्‍युकिन वर येऊन तोंड मारायला लागले. मुलगा ओरडला, तेव्हा अंगणात झोपलेले माझे सासरे उठून आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी काही विचारलं नाही, देव्हाऱ्याजवळचा तांब्याचा गडूही घेतला नाही. मोरीतला स्टीलचा तांब्या उचलला, टँकमधलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत टँकमध्ये ओतायला लागले. विहिरीचं पाणी असंच हलवावं लागतं, म्हणाले. दहा ओतण्यांनंतर थोडं थांबायचं, मग परत दहा. बॅटरीच्या उजेडात पाण्यात बुडबुड्यांचा पांढरा झोत जाताना दिसायचा आणि र्‍युकिन त्या झोताजवळ येऊन थांबायचे. आम्ही तिघांनी आळीपाळीने पावणेतीनपर्यंत ओतलं. दोन्ही मासे वाचले. तुमच्याकडे पंप नसेल तर हाच उपाय करा. तांब्याच्या धातूचं भांडं तेवढं वापरू नका, तांबं माशांना विषारी असतं.

आजार ओळखणं

काहीही वेगळं दिसलं की क्रम असा: थर्मामीटर बघा, अमोनिया आणि नायट्राइट तपासा, ३० ते ५० टक्के पाणी बदला, हवा वाढवा, खाणं थांबवा. एवढ्याने बरेच मासे दुसऱ्या दिवशी सावरतात. नाही सावरला तर पुढचं वाचा. ४०-५० लिटरचा एक नवा प्लास्टिक टब आजारी माशासाठी वेगळा ठेवा.

मीठ बहुतेक वेळा लागतं, म्हणून त्याचं माप आधी. घरातलं जाडं मीठ चालतं. किचनच्या काट्यावर मोजा, मुठीने नाही. लिटरला १ ग्रॅम ही सौम्य मात्रा, ३ ग्रॅम ही उपचाराची. ३ ग्रॅमपर्यंत जायचं तर दर १२ तासांनी १ ग्रॅम असं तीन वेळा, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून. मीठ उडून जात नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला, आणि जेवढं पाणी बदललं तेवढ्याचंच मीठ परत टाका.

*उलटा किंवा एका कुशीवर तरंगणारा मासा.* नवख्यांचा पहिला फोन याचाच. "ताई, मासा उलटा व्हई गया!" बहुतेक वेळा कारण पोटात असतं: कोरडं खाणं, गिळलेली हवा, बद्धकोष्ठता. दोन दिवस काहीही देऊ नका. मग साल काढलेल्या मटाराचे एक-दोन दाणे कुस्करून द्या. फरक नसेल तर टबात २० लिटर पाण्याला एक छोटा चमचा एप्सम सॉल्ट; ते मेडिकलमध्ये मिळतं, आणि खाण्याच्या मिठापेक्षा वेगळं आहे. पाण्याची उंची कमी ठेवा म्हणजे माशाला वर-खाली करायला श्रम पडत नाहीत. हिवाळ्यात जळगावकडे रात्री पारा १०च्या आसपास उतरतो. थंड पाण्यात पचन मंदावतं, म्हणून तेव्हा खाणं निम्मं करा. काही मासे कायमचेच तिरके राहतात. तो खात असेल, तर उथळ टँकमध्ये तो वर्षानुवर्षं जगू शकतो. त्याला टाकून देऊ नका.

*पांढरे ठिपके.* अंगावर, परांवर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके आणि मासा अंग घासतोय, तर तो इक नावाचा परजीवी. पण आधी नीट बघा. नर गोल्डफिशला विणीच्या दिवसांत कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर ओळीने पांढरे दाणे येतात. ते फक्त तिथेच असतात, आणि मासा मजेत असतो. त्याला कसलंही औषध नको.

इकचा परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे शेकडो पिल्लांत फुटतो, आणि ती पिल्लं पोहत असतानाच औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नाही. ३ ग्रॅम मीठ, १० ते १४ दिवस, रोज पाइपने तळ ओढून काढायचा. "पाणी ३० अंशापर्यंत तापवा" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळेल. आपल्याकडे मे महिन्यात पाणी आधीच तिथे असतं; आणखी तापवलंत तर इकच्या आधी मासा जाईल. हिवाळ्यात मात्र हीटरने सावकाश २५-२६पर्यंत नेलं तर परजीवीचं चक्र लवकर पुरं होतं.

*अंगाला लटकलेला दोरा.* हा अँकर वर्म. तळ्यातून आलेल्या माशांवर हमखास. मागच्या वर्षी एका ओरांडाच्या पाठीच्या परापाशी मला हिरवट दोरा दिसला, सेंटीमीटरभर, मुळाशी लाल गोल सूज. ओला मऊ रुमाल हातात घेऊन त्यात मासा धरला, डोळे झाकले, चिमट्याने दोरा अगदी कातडीलगत पकडला आणि शेपटीच्या दिशेने सावकाश ओढला. घाईने ओढला तर डोकं आत तुटून राहतं. बाहेर आला तेव्हा टोकाला नांगरासारखे फाटे दिसत होते. जखमेवर कापसाच्या बोळ्याने पोव्हिडोन आयोडीनचा एक ठिपका, कल्ल्यांपासून दूर, आणि मासा परत पाण्यात. सगळं मिनिटभरात. पाण्यात त्याची पिल्लं उरलेली असतात, म्हणून ॲक्वेरियमच्या दुकानातून परजीवीचं औषध आणून पूर्ण टँकला तीन-चार आठवडे द्यावं लागतं. शेतातलं कीटकनाशक "थेंबभर" टाका असं कुणी सांगेल. टाकू नका. विहिरीत टाकायचं लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटही नवख्याने वापरू नये. त्याची मात्रा लिटरला मिलिग्रॅममध्ये असते आणि चमच्याने ती मोजता येत नाही.

*कुरतडल्यासारखे पर.* घाण पाण्याचं लक्षण. रोज २०-२५ टक्के पाणी बदला, १ ते २ ग्रॅम मीठ द्या. नवी वाढ पारदर्शक दिसते. कड लाल होऊन मुळाकडे सरकत असेल तर प्रतिजैविक लागेल, ते पशुवैद्याला विचारून.

*अंगावर काळे डाग.* अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना काळी पडते. डाग दिसला म्हणजे इजा होऊन गेली आहे. पाणी तपासा, डागाला काही लावू नका.

*ओरांडाच्या टोपीवर पांढरे चट्टे.* बहुतेक वेळा ती टोपीची नवी वाढ असते. टोपीने डोळे झाकले गेले तर खाणं रोज एकाच जागी टाका, मासा वासाने येतो. घरी कात्री लावू नका.

*पोट फुगून खवले उभे राहणं.* वरून पाहिलं की मासा पाइनच्या फळासारखा दिसतो. आतली मूत्रपिंडं काम करेनाशी झालेली असतात. खरं सांगायचं तर यातून फार थोडे वाचतात. टबात वेगळा ठेवा, वर सांगितलेल्या मापाने एप्सम सॉल्ट द्या, पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळालं तर लगेच सुरू करा. खवले जेमतेम उचलले गेले असताना पकडलं तर आशा असते, म्हणून रोज सकाळी खाणं देताना माशांना एकदा वरूनही बघत जा.

कुठलाही मासा नकोसा झाला तरी तापी-गिरणेत, मेहरूणच्या तलावात किंवा शेताच्या विहिरीत सोडू नका. तो तिथल्या माशांना आपले परजीवी देतो. ॲक्वेरियमच्या दुकानाला परत द्या, किंवा मोठा टँक असलेल्या ओळखीच्याला.

टँकमधून काढलेलं पाणी कुंड्यांना घालत जा, त्यातलं नायट्रेट झाडांना खतच आहे. मिठाचा उपचार चालू असेल त्या दिवसांत मात्र ते मोरीत ओता, तुळशीला घालू नका.